'श्रद्धा कमी पडली' असं त्या प्राध्यापकांनी कुठे म्हटलंय?

घरच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर जोडलेल्या हातांची रांग, खाली 'किमान दहा जणांना पाठवा'. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकाने चाळीस वर्षं संशोधन करून सिद्ध केलंय की देवावर पूर्ण श्रद्धा असेल तर नैराश्य येत नाही, रोज नामस्मरण केलं की मनाच्या आजाराच्या गोळ्या लागत नाहीत, सगळं देवावर सोपवणारा सुखी राहतो, दुसऱ्यांनी प्रार्थना केली तरी ऑपरेशनचे पेशंट लवकर बरे होतात, श्रद्धाळू माणसं सात वर्षं जास्त जगतात. आणि इतकं करूनही बरं वाटत नसेल, तर आपल्या श्रद्धेतच खोट आहे असं समजावं.

एरवी असलं काही मी न वाचताच सोडून देतो. पण हे आत्यापर्यंत पोचलं. यजमान गेल्यापासून तिला डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्यात, झोपही लागायला लागली होती. परवा फोनवर म्हणाली, "गोळ्या सोडल्या रे मी. रोज माळ ओढते तरी रडू येतं, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय." तेव्हा डोकं फिरलं.

मेसेजमध्ये प्राध्यापकाचं नाव नाही, ही सोय बघा. नाव असतं तर कुणीतरी शोधलं असतं. हे वर्णन ज्यांना सगळ्यात जवळून लागू पडतं ते केनेथ पार्गामेंट, ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचा एकच विषय: संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो आणि त्याचं पुढे काय होतं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१३ मध्ये धर्म आणि अध्यात्मावरचा दोन खंडी संदर्भग्रंथ काढला, त्याचे मुख्य संपादक हेच. धर्माची टिंगल करणाऱ्यांपैकी हा माणूस नव्हे, उलट उपचार करणाऱ्यांनी पेशंटची श्रद्धा समजून घ्यावी म्हणून त्यांनी आयुष्यभर डोकेफोड केली. म्हणूनच त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून हे असलं काही डागलेलं बघवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, सगळं विष त्यातच आहे. 'बरं वाटत नाही म्हणजे श्रद्धेत खोट.'

पार्गामेंट आणि सहकाऱ्यांचा २००१ चा एक अभ्यास आहे, 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या आणि डरहॅमच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झालेले, ५५ वर्षं किंवा त्याहून मोठे ५९६ रुग्ण. आजाराला तोंड देताना देवाशी त्यांचं नातं कसं आहे हे विचारलं, आणि दोन वर्षांनी कोण आहे, कोण गेलं ते पाहिलं. १७६ जण गेले होते. वय, मूळ आजार किती गंभीर, मनाची अवस्था काय, हे सगळं हिशेबात धरल्यावरही एक गोष्ट उरली. 'देवाने मला टाकलं की काय' असं ज्यांना वाटत होतं, त्यांचा मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी जास्त. 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे का' ही शंका ज्यांना खात होती, त्यांचा २२ टक्क्यांनी. 'हे सैतानानेच घडवलं' म्हणणाऱ्यांचा १९ टक्क्यांनी.

ही माणसं नास्तिक नव्हती, हे लक्षात घ्या. ज्याला देव नाही त्याला देवाने टाकल्याचं दुःख कुठून होणार? श्रद्धा होती म्हणूनच ती आतून कुरतडत होती. आता ही ओळ आणि मेसेजची शेवटची ओळ शेजारी ठेवा. आधीच खचलेल्या बाईला 'तुझी भक्ती कमी पडली' असं सांगणं म्हणजे 'देवाने मला टाकलं' हा विचार तिच्या डोक्यात स्वतःच्या हाताने पेरणं. ज्या अवस्थेबद्दल पार्गामेंट डॉक्टरांना सावध करत आले, तीच अवस्था त्यांच्या नावावर घरोघर वाटली जातेय. हात जोडलेल्या इमोजींसकट.

एका अभ्यासावरून थेट कार्यकारण ठरत नाही, हे मलाही कळतं, आणि ते रुग्ण बहुतेक ख्रिस्ती होते. 'आपल्याकडे तसं नसतं' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: त्या अभ्यासात सहलेखिका असलेल्या नलिनी ताराकेश्वर यांनी पुढे अमेरिकेतल्या हिंदूंवर असंच काम केलं, ते २००३ मध्ये छापून आलं. तिथेही देवाचा आधार वाटणं वेगळं निघालं आणि अपराधीपणा, देवावरचा राग, हातपाय गाळून बसणं यांची वेगळी मोट निघाली. आपले लोक आपल्याच देवासमोर स्वतःला दोषी धरतात, हे कळायला खरं तर कुठल्या विद्यापीठाची गरज नाही.

'सगळं देवावर सोपवा'. यावर पार्गामेंट यांचा १९८८ चा निबंध आहे. अडचण आली की माणसं तीन तऱ्हांनी वागतात: देवाने बुद्धी दिलीय, मी बघतो म्हणणारे; देव बघून घेईल म्हणून थांबणारे; आणि देवाला सोबत घेऊन स्वतः हातपाय हलवणारे. स्वतःवरचा भरवसा आणि अडचणी सोडवण्याची ताकद थांबणाऱ्यांमध्ये कमी दिसली, बाकी दोन्हींत जास्त. म्हणजे मेसेजने तीनांतली नेमकी पडेल तऱ्हा उचलून डोक्यावर घेतली.

दुसऱ्यांच्या प्रार्थनेने पेशंट बरे होतात? हे २००६ मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने सहा रुग्णालयांतल्या बायपासच्या १८०२ पेशंटवर तपासलं. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्यांत, ज्यांच्यासाठी झाली त्यातल्या ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी नाही झाली त्यातल्या ५१ टक्क्यांना. आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९. हे प्रार्थना करणारे अनोळखी होते. घरचं माणूस उशाशी बसून हात धरतं ती गोष्ट निराळी. पुढे चला.

सात वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही, हे नाइलाजाने कबूल. १९९९ चा अमेरिकेतला लोकसंख्येचा अभ्यास आहे, पण तो पार्गामेंट यांचा नव्हे. त्यात मोजलंय ते प्रार्थनास्थळी जाणं: आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा जाणारे आणि कधीच न जाणारे, यांच्यातला फरक. आजारी माणूस मुळात घराबाहेर पडत नाही, आणि जाणाऱ्याला चार माणसं भेटतात, विचारपूस होते, व्यसनं बेताची राहतात. फरकाचा काही भाग यातच जातो, असं त्याच अभ्यासात म्हटलंय. घरात मोबाइल घेऊन दहा जणांना मेसेज पाठवणाऱ्याच्या खात्यात यातलं एकही वर्ष जमा होत नाही.

राहिलं नामस्मरण. इथेही अर्धं खरं आहे. पार्गामेंट आणि त्यांच्या विद्यार्थिनी एमी वॉखहोल्ट्झ यांनी २००५ मध्ये कॉलेजच्या मुलांना दोन आठवडे, रोज वीस मिनिटं ध्यानाला बसवलं. काहींनी देवाबद्दलचं वाक्य मनात घोळवलं, काहींनी 'मी समाधानी आहे' छापाचं, काही नुसते सैलावून बसले. मग बर्फगार पाण्यात हात घालायला लावला. देवाचं वाक्य घोळवणाऱ्यांनी जवळजवळ दुप्पट वेळ हात आत ठेवला, चिंताही त्यांचीच जास्त उतरली. छान आहे. जप करणाऱ्याने जरूर करावा, मी कोण अडवणारा. पण ही कॉलेजची मुलं होती, नैराश्याचे रुग्ण नव्हेत, आणि कुणाच्या गोळ्या बंद करून हा प्रयोग झालेला नाही.

मनाच्या आजाराच्या गोळ्या अशा एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, उडालेली झोप हे सगळं मागे लागू शकतं, आणि मूळ दुखणं उलटतं ते वेगळंच. कमी करायच्या तर ज्यांनी दिल्या त्यांना विचारून, टप्प्याटप्प्याने. पार्गामेंट स्वतः रुग्ण पाहणारे मानसशास्त्रज्ञ. पेशंटच्या श्रद्धेला उपचारात जागा द्या हे त्यांचं म्हणणं, उपचाराच्या जागी बसवा हे नव्हे. त्यांच्या कुठल्या अभ्यासात जप करून औषध बंद करा असं लिहिलंय, ते हा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कुणीही मला सालासकट कळवावं. तोवर तो पुढे पाठवू नका.