‘नशिबात होते’ म्हणणारे ‘जर-तर’ करत नाहीत का?

‘भारतीय मन दैववादी आहे, म्हणून झालेली गोष्ट वेगळी होऊ शकली असती हा विचार आपल्याला शिवत नाही, तो पाश्चात्त्यांचा स्वभाव,’ असे विधान वारंवार पुढे पाठवले जाते. ते मला चुकीचे वाटते, आणि अन्यायाचेही.

त्यात म्हटले आहे की आशियाई भाषांत अशा कल्पनेची सोयच नाही. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये चिनी भाषेविषयी काहीसे असेच मत मांडले होते. पण १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ टेरी आऊ यांनी ‘असे झाले असते तर’ धर्तीच्या गोष्टी ओघवत्या चिनीत लिहून हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांना दिल्या, तेव्हा बहुतेकांना त्या नीट समजल्या. मराठीत तर ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हा संकेतार्थ शाळेतच शिकवला जातो.

दुसरा दावा असा की आपण इतिहास विधिलिखित म्हणून स्वीकारतो. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताविषयी मराठी घरांत काय बोलले जाते, ते आठवावे: विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, सूरजमल जाटाचा सल्ला मानून बायकामुले आणि यात्रेकरू मागे ठेवले असते तर. यांतील दुसरी कल्पना ग्रहताऱ्यांना नव्हे, माणसाच्या निर्णयाला हात घालते.

मुख्य मुद्दा ‘नशिबात होते’ या शब्दांचा. दुःखाच्या घरी हे शब्द कधी उच्चारले जातात, याकडे विधान करणाऱ्यांनी लक्ष दिलेले नाही. ‘आदल्या रात्रीच दवाखान्यात नेले असते तर,’ असे मुलगा दहाव्या दिवशीही पुन्हा पुन्हा म्हणत असतो, आणि तेव्हा थोरली आत्या त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, ‘बाळा, त्यांचे आयुष्यच तेवढे होते.’ म्हणजे पर्यायाची कल्पना आधी येते, तिची बोच असह्य होते, आणि मग तिच्यावरचा उतारा म्हणून दैव पुढे केले जाते. जिथे ‘जर-तर’ नाही, तिथे या सांत्वनाची गरजच पडली नसती.

संस्कृतीने काहीच फरक पडत नाही, असे मी म्हणत नाही. कोणती चूक मनात घोळवावी, ती मोठ्याने बोलावी की नाही आणि तिला उत्तर कोणी द्यावे, हे घराघरांतून ठरते. मात्र मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चीन, जपान व रशियातील लोकांचे पश्चात्ताप तपासले, तेव्हा अमेरिकेप्रमाणेच तिथेही केलेल्यापेक्षा न केलेल्या गोष्टींची खंत अधिक आढळली.