नाही, टॉम रॉबिन्सन सुटत नाही

‘जगातल्या सर्वात धाडसी वकिलाची सत्यकथा’ या मथळ्याचा मेसेज तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या अ‍ॅटिकस फिंच नावाच्या गोऱ्या वकिलाने सगळ्या गावाशी वैर पत्करून एका निरपराध काळ्या माणसाचं वकीलपत्र आपणहून घेतलं. त्याचं भाषण ऐकून ज्युरीला रडू फुटलं, आरोपी निर्दोष सुटला. पुढे वकिलाच्या मुलीने ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ हे पुस्तक लिहिलं (खरं तर म्हणे तिच्या मित्राने लिहून दिलं), अमेरिकेने त्यावर बंदी घातली आणि तिने पुन्हा काही लिहिलं नाही. शेवटी ‘सत्याचाच विजय होतो’ आणि जोडलेल्या हातांची रांग. हाच मजकूर भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या वहीत कान्यामात्रेसकट उतरलेला दिसला, म्हणून हा खटाटोप.

आधी ते रडू. ज्युरी रडत नाही आणि टॉम रॉबिन्सन, म्हणजे तो काळा आरोपी, सुटत नाही. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही हार्पर ली यांची कादंबरी आहे, आणि ती वाचलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने ती उघडलेली नाही.

१९३५चा उन्हाळा, अलाबामा राज्यातलं मेकम हे काल्पनिक गाव. मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा टॉमवर आरोप आहे. डॉक्टरला कुणी बोलावलेलंच नाही, त्यामुळे वैद्यकीय पुरावा शून्य. उरतात त्या मारहाणीच्या खुणा. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, आधी सांगतो, डावा डोळा काळानिळा होता. अ‍ॅटिकस विचारतो, तिचा डावा की तुमच्या बाजूने डावा? शेरीफ थबकतो आणि म्हणतो, म्हणजे तिचा उजवा. समोरून उजव्या डोळ्यावर बसलेला ठोसा बहुधा डावखुऱ्याचा. मग मुलीचा बाप बॉब युएल साक्षीला येतो. अ‍ॅटिकस कोटाच्या खिशातून एक लिफाफा काढतो, फाउंटन पेनचं टोपण फिरवतो आणि त्याला नाव लिहायला सांगतो. तो डाव्या हाताने लिहितो. आणि टॉम? त्याचा डावा हात उजव्यापेक्षा बारा इंच आखूड, लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून लुळा पडलेला. शपथ घेताना बायबलवर ठेवलेला तो हात घसरून खाली पडतो. मुलीच्या गळ्याभोवती मात्र चहूबाजूंनी बोटांचे वळ होते. एका हाताने असे वळ उठवून दाखवा.

याहून स्वच्छ बचाव कोर्टात उभा करता येत नाही. तरी निकाल ‘दोषी’. घात कुठे होतो तेही लेखिकेने नेमकं दाखवलंय. उलटतपासणीत सरकारी वकील विचारतो, तिची कामं तू फुकटात का करत होतास? टॉम म्हणतो, तिची कीव यायची. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची कीव! सरकारी वकील तेवढा एक शब्द उचलतो, आणि लिफाफा, लुळा हात, गळ्यावरचे वळ सगळं मातीमोल होतं. ज्युरीत बारा गोरे पुरुष, बहुतेक शेतकरी. (बायका नव्हत्याच. अलाबामात बायकांना ज्युरीत बसायची मुभा १९६६मध्ये कोर्टाने कान पिळल्यावर मिळाली.)

शेवट गोड केला तर काय बिघडलं, असं म्हणणारे भेटतात. बरंच बिघडतं. पुरावा असला की न्याय मिळतोच, असं नववीतल्या मुलीला शिकवलं की तिच्या हिशेबात शिक्षा झालेला प्रत्येक जण आपोआप गुन्हेगार ठरतो. स्कॉट्सबरोचं प्रकरण घ्या. तेही अलाबामाच, मार्च १९३१. मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या मुलींच्या बलात्काराचा आरोप आला आणि महिन्याभरात आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. १९३३च्या फेरखटल्यात त्या दोघींपैकी एक, रूबी बेट्स, बचाव पक्षाच्या बाजूने उभी राहिली आणि असं काही घडलंच नाही म्हणाली. ज्युरीने तरीही दोषीच ठरवलं. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी ते निवडणुकीत पडले. तिथे न्यायाधीशही मतांवर निवडून येत. आता सांगा त्या पोरांना, सत्याचाच विजय होतो म्हणून.

‘आपणहून’ हेही चूक. न्यायाधीश टेलर अ‍ॅटिकसची नेमणूक करतात. गावाचा राग नेमणुकीवर नाहीच. नेमलेल्या वकिलाने कोर्टात हजेरी लावावी, दोन कागद पुढे करावेत आणि घरी जावं, एवढीच अपेक्षा असते. हा गृहस्थ खरोखरच बचाव करायला निघतो, हे गावाला खुपतं. आणि आपण हरणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खटल्याच्या कितीतरी आधी मिसेस दुबोझ या खवट म्हातारीचं प्रकरण येतं ते याचसाठी. तिला मॉर्फिनचं व्यसन आहे, मरण तोंडावर आहे, पण मरण्याआधी ती हट्टाने ते सोडते. तिच्याकडे बोट दाखवून अ‍ॅटिकस मुलाला सांगतो, हातात बंदूक घेतलेला माणूस म्हणजे धैर्य नव्हे, हरणार हे ठाऊक असूनही सुरुवात करणं म्हणजे धैर्य. खटला जिंकून दाखवलात की या पानांना अर्थच उरत नाही.

‘सत्यकथा’ या शब्दात निम्मं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. हार्पर ली यांचे वडील अमासा कोलमन ली अलाबामातल्या मनरोव्हिल गावचे वकील होते. १९१९मध्ये एका गोऱ्या दुकानदाराच्या खुनाच्या खटल्यात त्यांनी दोन कृष्णवर्णीय आरोपींचा, बाप-लेकाचा, बचाव केला. दोघंही फासावर गेले. सत्यकथाच हवी असेल तर तिचा शेवट हा आहे.

मित्राने लिहून दिल्याची अफवा जुनी आहे, आणि ती बायकांच्याच पुस्तकांना बरोबर चिकटते. हा मित्र म्हणजे ट्रुमन कपोटी, लहानपणचा शेजारी, कादंबरीतला डिल हा मुलांचा सवंगडी त्याच्यावरूनच बेतलेला. जुलै १९५९मध्ये, पुस्तक बाहेर येण्याच्या वर्षभर आधी, त्याने मावशीला पत्र लिहिलं. नेलने (म्हणजे हार्पर लीने) लिहिलेलं पुस्तक आपण पाहिलं, आवडलं, तिच्यात गुण आहेत, असं त्यात आहे. स्वतः लिहिल्याचा अवाक्षर नाही, आणि कपोटी काही श्रेय गिळून गप्प बसणारा प्राणी नव्हता. विषय संपला.

देशभर बंदी कधीच नव्हती. काही शाळांच्या मंडळांनी पुस्तक काढलं, हे खरं. १९६६मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीच्या मंडळाने ते अनैतिक ठरवलं, तेव्हा ली यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि या मंडळाचं नाव पहिलीच्या वर्गात घालायला म्हणून सोबत वर्गणीही पाठवली! अलीकडचे आक्षेप वेगळे आहेत: वर्णद्वेषी शिव्या, आणि सगळी गोष्ट गोऱ्या तारणहाराची. यातला दुसरा मला पटतो. टॉमचं मन आपल्याला साक्षीच्या पिंजऱ्यापलीकडे फारसं दिसत नाही.

पुन्हा लिहिलं नाही? २०१५मध्ये त्यांचं दुसरं पुस्तक आलं. ते लिहिलेलं या कादंबरीच्या आधी, आणि त्यातला म्हातारा अ‍ॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेला जाऊन बसतो. देवळात बसवायचा असेल तर तेही वाचून बसवा. आणि पुस्तकाच्या नावातला मॉकिंगबर्ड म्हणजे आपला बुलबुल नव्हे. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारा अमेरिकेतला पक्षी, आपल्याकडे नसतोच.

भाषण पाचच मिनिटांचं असेल तर अख्खी कादंबरी वाचायची गरज नाही. अकरावं प्रकरण म्हातारीचं, सतरा ते एकवीस खटल्याचं, आणि चोविसावं. ते तर सोडूच नये. अपिलाची वाट न पाहता टॉम तुरुंगाच्या कुंपणावर चढतो आणि पहारेकरी गोळ्या घालतात. अंगावर सतरा जखमा. दोन्ही हात धड असते तर निसटला असता, असं तेच सांगतात. अ‍ॅटिकस ही बातमी स्वयंपाकघरात येऊन सांगतो, तेव्हा बाहेर मिशनरी मंडळाच्या बायका कुठल्याशा दूरच्या जमातीच्या हालांवर हळहळत कॉफी घेत असतात. मग त्याची बहीण चेहरा सारखा करते, बाहेर जाते आणि पुन्हा सगळ्यांना खाऊ वाढू लागते.