म्हणे बिनधुराची दारू नळी खात नाही!

काल रात्री खानापूरच्या मामांनी एक फॉरवर्ड पाठवला, खाली विचारलंय, 'हे खरं काय रे?' मामांकडे लायसन्सची ठासणीची, म्हणजे तोंडातनं दारू ठासून भरायची, बंदूक आहे, भातात डुकरं शिरली की बार काढून पळवायला. आणि फॉरवर्ड म्हणतो की काळी दारू, म्हणजे बंदुकीची जुनी सोरा-गंधक-कोळशाची, नळी खाते, त्यापेक्षा त्याच मापानं बिनधुराची दारू, म्हणजे हल्लीच्या काडतुसातली, ठासा, नळी जन्मभर टिकते, धुवायला पण नको.

'त्याच मापानं' वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, बिनधुराची दारू कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, जोरात जळली की दाब अजून वाढतो, आणि ठासणीची नळी काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली असते, ती फुटते नाहीतर मागचा बूच उडून येतो, आणि बार काढताना मामांचा गाल तिथंच टेकलेला असतो! कमी मापानं पण नको, चिमूटभर पण नको.

बिनधुराची नळी खात नाही, हे तर साफ खोटं. इंग्रजांची ली-मेटफर्ड रायफल, 1888 ची, तिच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, काळ्या दारूच्या हिशोबानं उथळ पाडलेले, कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आल्यावर ते भराभर झिजले म्हणून 1895 ला खोल आट्यांची ली-एनफिल्ड आणावी लागली. कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक होतं, ते जेवढं जास्त तेवढी ज्वाला गरम, आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढच्या तोंडाला उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून 1901 ला नायट्रोग्लिसरीन 30 टक्क्यांवर आणलं. दारू बदलली की झीज बदलते ती अशी, ज्वालेच्या उष्णतेनं.

'पटापट बार काढले की नळी आपोआप साफ होते' असं पण लिहिलंय. काहीतरीच. तापलेली नळी जास्त झिजते.

आता काळ्या दारूनं नळी खराब होते हे अर्धं खरं आहे, मान्य. जळल्यावर तिचं निम्म्याहून जास्त वजन मळी होऊन मागं राहतं, ती मळी ओल ओढते, आणि आपल्या खानापूरच्या पावसात तर रात्रीत गंज धरतो. पण त्याला उपाय गरम पाणी. मामा स्वतः तेच करतात, नळीतनं सडक्या अंड्याच्या वासाचं काळं पाणी येतं, ते स्वच्छ येईपर्यंत ओततात, मग कोरडं फडकं, मग तेल. आज्जांपासनं चालत आलेली नळी अजून गुळगुळीत आहे.

मामा, कुणी बिनधुराची पुडी आणून दिली असेल तर बंदुकीजवळ ठेवू नका, मी रविवारी येतोय.