फुटबॉलच्या सीझनमध्ये स्टॅमिना वाढवायचा की नुसता टिकवायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, कमेंट कडक आहे पण मुलींच्या काळजीने लिहिलीय हे कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं की सीझन चालू असताना स्टॅमिना वाढवायच्या भानगडीत पडूच नये, मॅचेस खेळून मुली आधीच दमलेल्या असतात, त्यात मी इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून) सांगते म्हणजे दुखापतीला आमंत्रण, आणि फारच वाटलं तर सकाळी अर्धा तास जॉगिंग बास.

दमतात हे शंभर टक्के मान्य. वरच्या लेव्हलला एका मॅचमध्ये साधारण १० किलोमीटर होतात, तेही थांबत, वळत, स्प्रिंट मारत. पण मी जादा काही लावा म्हणतच नाहीये, बदला म्हणतेय. सेशनच्या शेवटी ११ विरुद्ध ११ चा जो सामना खेळवतो ना आपण, ज्यात निम्म्या जणी उभ्याच असतात, तो आठवड्यातून एकदा काढा आणि तिथे छोट्या मैदानावर ४ विरुद्ध ४ घ्या, ४ मिनिटं जीव तोडून खेळ, ३ मिनिटं हळू जॉग, असं चारदा. हार्ट रेट मॅक्सच्या ९० टक्क्यांच्या वर जायला हवा. आणि चारही बाजूंना जादा बॉल ठेवा, बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा आत, कारण बॉल आणायला कोणी गेलं की सगळ्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात आणि हार्ट रेट धाडकन खाली येतो, मी छातीला हार्ट रेट मोजणारे पट्टे लावून बघितलंय हे.

नॉर्वेतला ४ गुणिले ४ वाला (म्हणजे ४ मिनिटांचे चार राउंड) अभ्यास २००१ चा, आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे, त्यात ऑक्सिजन वापरायची क्षमता (दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर) ५८ वरून ६४ वर गेली. पण ते ज्युनियर मुलगे होते आणि नुसते धावण्याचे इंटरव्हल होते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मुलींना लावू नका, मी तरी लावत नाही.

जॉगिंग मॅचच्या दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला छान, पण रोज खेळणाऱ्या मुलीचा स्टॅमिना त्याने वाढत नाही.

दुखापतीची भीती मात्र अगदी रास्त आहे, गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून हे सेशन मॅचच्या किमान तीन दिवस आधी, आणि आधी फिफा ११ प्लसचा, म्हणजे दुखापत टाळण्यासाठीच्या ठरलेल्या व्यायामांचा, वॉर्मअप पूर्ण, त्यात तडजोड नाही. ज्या मुलीने आदल्या मॅचला पूर्ण ९० मिनिटं काढली तिला चारऐवजी दोनच राउंड.

पण बेंचवरच्या मुलींचं काय, हे तुमच्या कमेंटमध्ये कुठेच नाही. आमची एक लेफ्ट बॅक (डावीकडची बचावपटू) सलग पाच मॅचेस बाहेर बसली, सहाव्या मॅचला ७०व्या मिनिटाला आत गेली आणि दहा मिनिटांत गुडघ्यावर हात टेकून उभी, समोरच्या टीमची विंगर (कडेने हल्ला करणारी) शेजारून निघून गेली. ती आळशी नव्हती हो, तिला महिनाभर कोणी दमवलंच नव्हतं, आणि त्यात चूक माझी होती. सीझनमध्ये फक्त टिकवायचं म्हणता ना, तिचं तर टिकलंही नव्हतं.

अजून एक, एखादी मुलगी अचानक मागे पडायला लागली तर तिला राउंड वाढवू नका, आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा) तपासून घ्या. पाळीमुळे मुलींमध्ये आयर्न कमी पडणं खूप कॉमन आहे आणि ते कितीही पळवलं तरी भरून येत नाही. तुमच्या टीममधल्या बेंचवरच्या मुलींची गेल्या तीन मॅचेसची मिनिटं मोजून इथेच लिहा, मग त्यांच्यासाठी आठवडा कसा लावायचा ते बघू.