‘दोष सिद्ध झाला की सुनावणीला काय अर्थ?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सुनावणीच्या नियमांमुळे शिस्त ढासळते, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावरील आपल्या प्रतिक्रियेला शांतपणे उत्तर द्यायचे मी ठरवले होते. परंतु ‘खेळाडूंच्या वकिलांची तळी उचलणारा लेख’ या आपल्या पहिल्याच वाक्याने ते कठीण केले. क्रीडा संघटनांच्या शिस्तपालन समित्यांनी सुनावणी कशी घ्यावी, एवढाच त्या लेखाचा विषय होता आणि त्यात कोणालाही निर्दोष ठरवलेले नव्हते. मतभेद जरूर असावेत, पण हेतूंवर शंका घेण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचण्याचे सौजन्य आपण दाखवायला हवे होते.

आपला एक मुद्दा मान्य आहे. स्पर्धा चालू असताना महिनोन्महिने सुनावणी चालवता येत नाही, आणि पंचांनी मैदानावर दाखवलेल्या लाल कार्डाआधी कारणे दाखवा नोटीस काढता येत नाही. तसे मी सुचवलेही नव्हते.

उत्तर देणे भाग आहे ते या वाक्याला: ‘दोष सिद्ध झाला की सुनावणी कशी झाली याला काय अर्थ उरतो?’ क्रिकेटपटू श्रीशांतवर बीसीसीआयने (भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने) स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून २०१३ मध्ये आजीवन बंदी घातली. १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, शिक्षा मात्र रद्द केली. कारण शिक्षा ठरवताना ती सौम्य किंवा कठोर करणाऱ्या बाबी तपासाव्यात असे मंडळाचीच संहिता सांगत होती आणि समितीने त्या तपासल्या नव्हत्या. फेरविचारात बंदी सात वर्षांवर आली. दोष तोच राहिला, पण ‘आजीवन’च्या जागी ‘सात वर्षे’ आली. आपण ज्याला ‘कीस पाडणे’ म्हणता, त्याचे मोल खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांत मोजले जाते.

जलतरणपटू सुन यांगचे प्रकरण तर आपल्या बाजूचे वाटेल असे आहे. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अडथळा आणल्याबद्दल क्रीडा लवाद न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्यावर घातलेली आठ वर्षांची बंदी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली, कारण लवादाच्या अध्यक्षांनी समाजमाध्यमांवर लिहिलेल्या मजकुरामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका निर्माण झाली होती. नव्या लवादानेही २०२१ मध्ये त्याला दोषीच ठरवले आणि चार वर्षे तीन महिन्यांची बंदी घातली. (शिक्षा कमी झाली त्यात दरम्यान सौम्य झालेल्या नियमांचा वाटा होता, हेही नोंदवतो.) मग फेरसुनावणी व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. पहिल्या निकालावर निकाल देणाऱ्याच्या पूर्वग्रहाचे सावट होते. दुसऱ्यावर ते नव्हते.

‘खुर्चीत बसून लिहिणे सोपे असते’ असेही आपण म्हणता. मी एका क्रीडा संघटनेच्या शिस्तपालन समितीवर काम केले आहे. एका सुनावणीत पंचांचा अहवाल आम्हा सदस्यांपुढे टेबलावर होता, खेळाडूच्या हातात काहीच नव्हते, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करणारे संघव्यवस्थापक आमच्याच रांगेत सदस्य म्हणून बसले होते. ‘माझ्यावर आरोप नेमका काय आहे?’ असे त्याने विचारले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘ते तुला माहीत आहे.’ मी हरकत घेतली. अहवालाची झेरॉक्स काढून त्याला वाचायला वेळ दिला गेला, व्यवस्थापक बाहेर गेले, आणि निर्णय त्याच संध्याकाळी झाला; खेळाडूला शिक्षाही झाली. अशा खोलीत आपण कधी बसला आहात काय? बसला असता, तर नियमांमुळे शिस्त ढासळते असे इतक्या बेधडकपणे लिहिले नसते.

संघटना खासगी असल्याने त्यांना कोणी जाब विचारू नये, या आपल्या म्हणण्यावर फार शब्द खर्च करत नाही. बीसीसीआय सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते आणि म्हणून उच्च न्यायालयांच्या रिट अधिकारकक्षेत येते, म्हणजे तिच्याविरुद्ध तेथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलेले आहे. आपल्या उरलेल्या शेऱ्यांत मला मुद्दा सापडला नाही. आरोप लेखी देऊन आणि तक्रारदाराला निर्णयापासून दूर ठेवून एखाद्या स्पर्धेचे नेमके काय नुकसान झाले, हे उदाहरणासह लिहिलेत, तर त्याला अवश्य उत्तर देईन. माझ्या हेतूंविषयी लिहिलेत, तर देणार नाही.