हरवलं नाही, सापडत नाही

मे महिन्यात परभणीकडं शहाणा माणूस दुपारी कूलरसमोरून हलत नाही. संशोधन संस्थेचा ग्रंथपाल मात्र नेमका तेव्हाच पुस्तकं मोजायला काढतो. कूलर बंद, कारण दमट हवा पुस्तकांना सोसत नाही. पंखा बंद, कारण चिठ्ठ्या उडतात.

या छळाला नियमाचं पाठबळ आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ सांगतो: ग्रंथ २०,००० पर्यंत असतील तर दरवर्षी सगळे मोजा, ५०,००० पर्यंत असतील तर तीन वर्षांतून एकदा तरी. १९,९०० वर अडकलेल्या ग्रंथालयाला कुणी दीडशे-दोनशे पुस्तकं दान दिली, तर मी त्याचे पाय धरीन! वर्षात वाचायला गेलेल्या दर हजारामागं पाच पुस्तकं हरवलेली चालतात, हेही त्यातच. पण हजार रुपयांवरचं गेलं की चौकशी. आणि जातं तेच.

स्कॅनर बिचारा आज्ञाधारक. कर्सर असेल तिथं पुस्तकावरच्या बारकोडचा आकडा टाकतो. तो नोटपॅडमध्येच टाकू द्यावा, एका ओळीत एक. एक्सेलमध्ये ००४५१२ चे ४५१२ होतात, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर 'कोहा' त्यांना ओळख देत नाही आणि एका दुपारीत अर्धं ग्रंथालय गहाळ. खिडकीजवळच्या कपाटातले थर्मल कागदावरचे बारकोड तर उन्हानं पुसलेलेच असतात. तिथं आतल्या पानावरचा दाखल क्रमांक बघून हातानं टाकायचा.

खरी मजा दशांशाची, म्हणजे ड्युई पद्धतीच्या विषय क्रमांकांची. पुस्तकं कपाटात त्याच क्रमानं लागतात. ज्वारी ६३३.१७४, कापूस ६३३.५१.

"सर, एक्कावन अगुदर का एकशे चौऱ्याहत्तर?"

"एकशे चौऱ्याहत्तर, मामा."

ऊन मलाच लागलंय, अशा नजरेनं मामा बघतात. टिंबानंतर एकेक अंक वाचायचा, पाचाच्या आधी एक, हे मी दरवर्षी सांगतो. मामा मान डोलावतात अन् बाजाराच्या हिशेबानं लावतात.

गहाळांची यादी निघाली की लगेच वर पाठवू नये. आधी रांगेमागं पडलेली बघावीत, मग साहेब लोकांच्या कपाटात 'दोन दिवसांसाठी' गेलेली. उरलेल्यांसाठी चुकीचे आकडे धुंडाळायचे. ६३३.५१ घाईत ६३५.१ वाचलं की कापूस थेट कंदमुळांत. ते महागडं पुस्तक बहुधा तिथंच असतं, मुळ्या-गाजरांच्या मधी. सापडतं मात्र चौकशीचं पत्र सहीला गेल्यावर.