नत्राने जमीन आम्ल होते, पण गवत मरतेच का?

शेती आणि पर्यावरण या विषयांवरील चर्चेत एक विधान पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जाते: 'कोणतेही रासायनिक नत्रखत टाका, कुरणाची जमीन आम्ल होते, जमीन आम्ल झाली की गवत मरते, आणि चुना टाकला की सारे पूर्ववत होते.' या विधानात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ते पटकन पटते. मात्र त्याचे तिन्ही भाग जसेच्या तसे टिकत नाहीत. ते तपासायला इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या 'पार्क ग्रास' प्रयोगाइतकी चांगली जागा नाही. जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून सुरू केलेला हा प्रयोग आजही चालू आहे.

पहिला भाग 'कोणतेही नत्रखत' हा. पार्क ग्रासवर काही तुकड्यांना नत्र अमोनियम सल्फेटमधून मिळतो, तर काहींना सोडियम नायट्रेटमधून. चुना न दिलेल्या भागांत अमोनियम सल्फेटच्या सर्वाधिक मात्रेखाली सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; ७ च्या जितका खाली तितकी जमीन अधिक आम्ल) ३.५ च्या आसपास उतरला; त्याच कुरणात सोडियम नायट्रेटच्या तुकड्यांवर तशी घसरण झालेली नाही. कारण साधे आहे. मातीतील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात तेव्हा अमोनियमच्या प्रत्येक आयनामागे दोन हायड्रोजन आयन मोकळे होतात, आणि मुळांनी ते नायट्रेट शोषले तर त्यांतील एकाचीच भरपाई होते. नायट्रेट मुळांच्या हाती न लागता पाण्याबरोबर खाली निघून गेले, तर तीही होत नाही, उलट जाताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत नेते. शंभर किलो अमोनियम सल्फेटने आलेली आम्लता मारायला सुमारे ११० किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते असा रूढ हिशेब आहे. नत्राच्या प्रत्येक किलोमागे युरियाचा भार त्याच्या साधारण एक तृतीयांश धरतात. आणि 'रासायनिक' या शब्दाचेही तेच. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातील कुरणांत हवेतला नत्र बांधणारे क्लोव्हर हे शेंगवर्गीय चारापीक पेरले गेले, पिशवीतले नत्रखत नव्हे, तरी काही दशकांत तिथल्या जमिनीचा सामू घसरला. नत्राचा उगम कुठला, यापेक्षा तो मातीतून कोणत्या वाटेने बाहेर पडतो हे महत्त्वाचे.

दुसरा भाग, 'गवत मरते', हा सर्वांत दिशाभूल करणारा आहे, कारण तो ऐकून वाचणारा ओसाड रानाची वाट पाहतो, आणि ते दिसत नाही म्हणून निर्धास्त होतो. पार्क ग्रासच्या अतिआम्ल तुकड्यांवर, जिथे नत्रासोबत स्फुरद आणि पालाशही दिले जाते, आजही भरघोस गवत उभे असते. चुना दिलेल्या शेजारच्या भागापेक्षा त्याचे उत्पादन कमी, पण कोणतेच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा अधिक. फक्त ते गवत एका-दोन जातींचे असते: यॉर्कशायर फॉग, मऊ लवदार पानांचे, किंवा आम्लता सोसणारे स्वीट व्हर्नल. खत न दिलेल्या तुकड्यावर वनस्पतींच्या सुमारे चाळीस जाती सापडतात, तर इथे त्या हाताच्या बोटांवर मोजता येतात. या तुकड्यात वाकून पाहिले, तर जिवंत पात्यांखाली मेलेल्या पानांचा तपकिरी, दाट थर कुजल्याविना पडलेला दिसतो, कारण तो ओढून मातीत मिसळणारी गांडुळे अशा सामूत टिकत नाहीत. आम्लतेमुळे मातीत विरघळलेले अॅल्युमिनियम मुळांना जाच करते, ते वेगळेच. म्हणजे गंजीचे वजन पाहून कुरणाची प्रकृती ठरवता येत नाही. उत्पादनवाढ हाच नुकसान झाकणारा पडदा ठरू शकतो, असे मला वाटते. शिवाय जाती नाहीशा होण्यामागे केवळ आम्लता नसते. नत्राने उंच गवत फोफावले की बुटक्या वनस्पतींना प्रकाश उरत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गवताच्या तळाशी दिवे लावून प्रकाश पुरवला, तेव्हा खतामुळे होणारी जातींची घट बऱ्याच अंशी टळली होती.

मग चुना? पार्क ग्रासवर १९०३ पासून बहुतेक तुकड्यांच्या अर्ध्या भागाला आणि १९६५ पासून चारपैकी तीन उपभागांत सामूच्या वेगवेगळ्या पातळ्या राखून चुना दिला जातो, आणि त्याने उत्पादन व जाती दोन्ही वाढतात. परंतु नत्र चालू असताना सामू सुधारून खत न दिलेल्या तुकड्याइतकी विविधता येत नाही. वर सांगितलेली प्रकाशाची स्पर्धा तशीच राहते. १९८९ च्या सुमारास काही भागांत नत्र थांबवल्यावर मात्र विविधता परतू लागली.

आता महाराष्ट्र. सुरुवातीचे ते विधान दख्खनच्या काळ्या जमिनीला जसेच्या तसे लावले जाते, हे मला सर्वाधिक खटकते. त्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ च्या वर, आणि चुनखडीचे खडे तिच्यातच मिसळलेले. तिथे युरियाची आधी ओढवणारी अडचण आम्लता नसून, वरच पडून राहिलेल्या दाण्यांतून अमोनिया हवेत उडून जाणे ही आहे. पावसाने धुतलेल्या कोकणातील जांभ्या जमिनीची गोष्ट निराळी. ती मुळातच आम्ल आहे. फरक पाहायचा तर दोन्हींच्या ढेकळांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. चुनखडीयुक्त काळी माती लगेच फसफसते. जांभी माती तो थेंब मुकाट्याने पिऊन घेते.